ओझं किती, वाकली किती



ज्यांच्या स्मरणार्थ वसई-विरारमध्ये हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्या बाई प्रसूतिगृहात परिचारिका होत्या. त्यांना काम करताना मी पाहिलं आहे. पोटुशी बाई तपासायला आली की त्या आधी तिच्या घोट्यापाशी अंगठा दाबून सूज बघायच्या. अंगठा तिथेच असायचा, मान खाली असायची आणि त्याच स्वरात पुढचा प्रश्न यायचा, “झोप लागते का गं?” बहुतेकजणी “लागते की” म्हणायच्या. काहीजणी गप्प व्हायच्या. गप्प झालेलीला बाई थांबवून घ्यायच्या. सोबत आलेल्या सासूला किंवा नवऱ्याला केसपेपर घेऊन खिडकीपाशी पाठवायच्या, आणि मग बोलणं व्हायचं.

मी मानसशास्त्र शिकवणारी. माझ्या हातात तेव्हा चाळीस गुणांची छापील प्रश्नावली असायची. बाईंचं साधन म्हणजे तो अंगठा आणि तो एक प्रश्न. आज मला या दोन्ही साधनांबद्दल बोलायचं आहे.

गरोदर बाईच्या मनावरचा ताण मोजता येतो का? येत असेल तर नेमकं काय मोजायचं? आणि मोजून झाल्यावर त्या आकड्याचं करायचं काय? याच क्रमाने जाऊ. मधे कुठे आडवाटेला शिरले तर सांभाळून घ्या.

इथे आशा सेविका, आपल्या आशाताई, बसल्या आहेत. त्यांच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड असतं. त्यावर वजनाला चौकट आहे, रक्तदाबाला आहे, हिमोग्लोबिनला आहे, लघवीतल्या साखरेला आणि प्रथिनांना आहे, बाळाच्या ठोक्यांना आहे. ही प्रत्येक चौकट कुणाच्या तरी कष्टातून आली. रक्तदाब दर भेटीत मोजायचा, ही शिस्त लागली म्हणून किती बायका झटके येण्याआधी सापडल्या आणि वाचल्या. त्यामुळे मोजणीला नाक मुरडणारी मी नाही. पण मी पाहिलेल्या एकाही कार्डावर बाईंच्या त्या प्रश्नाला चौकट नव्हती. झोप लागते का, याला जागा नाही. मग जे कार्डावर नाही ते तपासणीत नाही, आणि जे तपासणीत नाही ते आहे हेच कुणाला ठाऊक नाही.

आता पहिला प्रश्न, मोजता येतो का? त्याआधी आपण कशाला ताण म्हणतो ते बघावं लागेल, कारण सगळा घोळ त्या शब्दापासूनच सुरू होतो.

दवाखान्यात आलेली बाई ‘ताण’ म्हणत नाही. ती ‘टेन्शन’ म्हणते. टेन्शन ही पिशवी आहे, तिच्यात काहीही मावतं. ती उलटी केली की आतून एकेक बाहेर पडतं. जिवाला घोर. धास्ती. घालमेल. कोंडमारा. छातीत धडधड. अन्न गोड लागत नाही. कशातच मन लागत नाही. हे सगळे शब्द एकच का? नाहीत. धास्ती पुढच्या गोष्टीची असते, कळा रात्री सुरू झाल्या तर रिक्षा मिळेल का, अशी. कोंडमारा आजचा असतो आणि त्याला घराच्या भिंती असतात. घोर रात्रीचा. आणि हुरहूर तर पहिलटकरणीला असायचीच, तिच्यावर औषध शोधू नये. आपल्या आज्या-पणज्यांनी ही वर्गवारी करून ठेवलेली आहे. ती फेकून देऊन आपण एका ‘स्ट्रेस’ शब्दावर आलो.

तो ‘स्ट्रेस’ तरी कुठून आला? १९३६ मध्ये हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, जखमा करा, दमवा, विषारी द्रव्य टोचा, कारण कुठलंही असो, शरीरात दिसणारे बदल त्याच ठरावीक प्रकारचे. अधिवृक्क ग्रंथी फुगलेल्या, जठरात व्रण. पुढे या अवस्थेला त्यांनी स्ट्रेस म्हटलं. गंमत म्हणजे हा शब्द त्यांनी उचलला तो पदार्थविज्ञानातून, आणि तिथे दोन वेगवेगळे शब्द आहेत, एक वरून पडणाऱ्या भारासाठी आणि दुसरा त्या भाराने वस्तू किती वाकली यासाठी. सेल्येंनी पहिला शब्द दुसऱ्या अर्थाने वापरला. आपलं इंग्रजी तेव्हा पुरेसं असतं तर दुसरा शब्द निवडला असता, असं पुढे त्यांनीच सांगितलं. तोवर शब्द जगभर रुजला होता.

ही गोष्ट मी विस्ताराने सांगितली, कारण आजचं माझं सगळं म्हणणं या एका घोटाळ्याभोवती आहे. डोक्यावर ओझं किती, हा एक प्रश्न. बाई वाकली किती, हा दुसरा. आपण दोन्हीला ताण म्हणतो. मोजताना एकच मोजतो. आणि बोल लावायची वेळ आली की बाईला लावतो.

ओझं मोजायचा एक जुना प्रयत्न १९६७ चा आहे, होम्स आणि राहे या दोन अमेरिकी डॉक्टरांचा. त्यांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला वजन दिलं. जोडीदाराचा मृत्यू १००. लग्न ५०. गरोदरपण ४०. सासरच्यांशी खटके २९. राहतं घर बदलणं २०. आता आपल्याकडच्या नव्या सुनेचं गणित मांडून बघा. लग्न झालं, घर बदललं, वर्षाच्या आत दिवस गेले, आणि घरात थोडे खटके उडाले. पन्नास, वीस, चाळीस, एकोणतीस. एकशे एकोणचाळीस झाले की हो! तिने अजून तक्रारीचा शब्दही काढलेला नाही.

पण या यादीत प्रत्येकीचं गरोदरपण चाळीसचंच. दहा वर्षं वाट पाहून ज्या बाईला दिवस गेले तिलाही चाळीस, आणि दोन मुलींनंतर “आता तरी” या दोन शब्दांखाली ज्या बाईने तिसरं पोट वाढवलं तिलाही चाळीस. हे कसं पटावं? म्हणून मानसशास्त्र दुसऱ्या टोकाला गेलं. घटना मोजू नका, त्या माणसालाच विचारा.

१९८३ मध्ये शेल्डन कोहेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अशी प्रश्नावली तयार केली. आज गरोदर बायकांच्या ताणावर आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत प्रबंध होतात, त्यांत बहुधा तीच दिसते. आधी १४ प्रश्न होते, पुढे १० प्रश्नांचं रूप रूढ झालं. गेल्या महिन्याभरात अमुक किती वेळा वाटलं, असा प्रत्येक प्रश्न. ‘कधीच नाही’ला शून्य, ‘नेहमी’ला चार. एकूण चाळीस. चार प्रश्न उलटे, म्हणजे चांगल्या भावनेचे, त्यांचे गुण उलटे धरायचे. प्रश्नांचा गाभा तीन गोष्टींचा: गोष्टी अचानक अंगावर येतात का, हाताबाहेर जातात का, आणि पेलवेनाशा होतात का.

प्रश्नावली चांगली आहे. मी ती अनेक वर्षं वापरली. तिच्या कर्त्यांनी एक गोष्ट स्पष्ट केली आहे, की हे रोगनिदानाचं साधन नाही आणि अमुक गुणांच्या वर आजारी अशी रेघ त्यांनी आखलेली नाही. तरी आपल्याकडचे प्रबंध उघडून बघा. तेरापर्यंत कमी ताण, सव्वीसपर्यंत मध्यम, वर तीव्र. शेवटी रंगीत वर्तुळाकृती आलेख. बहुसंख्य स्त्रिया मध्यम ताणात, असा निष्कर्ष, आणि प्रबंध बांधायला जातो. त्या ‘मध्यम’मधल्या बायका दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रांगेत उभ्या असतात.

आता मराठीत हे प्रश्न विचारायला घ्या. परिस्थिती आपल्या हातात आहे असं किती वेळा वाटलं? एका मुलीने मला सरळ विचारलं होतं, “माझ्या हातात काय असतं, ताई?” तिला प्रश्न कळला नव्हता असं नाही. चांगलाच कळला होता. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांत, सहा माणसांत राहणाऱ्या मुलीला हातात काही नसणं हा ताण वाटत नाही, रोजचा दिवस वाटतो. तिने शून्य द्यायचे की चार? मग ‘क्वचित’, ‘कधीकधी’, ‘बरेचदा’ यांतला फरक. आपल्या बायका सांगतात, “होतं की अधूनमधून, चालायचंच.” ‘चालायचंच’ला किती गुण?

आणि मराठी तरी कुणाची? आपल्या या पट्ट्यात पश्चिमेला गास, निर्मळ, भुईगावकडे घरात कादोडी बोलतात. वाडवळांची बोली वेगळी, आगरी-कोळ्यांची वेगळी. पूर्वेला डोंगराकडे सरकलं की वारली. नालासोपाऱ्यात अर्ध्या रांगेची भाषा हिंदी, आणि ती सुद्धा जौनपूर-आझमगढकडची. प्रमाण मराठीतला छापील कागद यांतल्या किती जणींच्या झोपेपर्यंत पोचेल?

हीच अडचण एडिंबरोच्या प्रश्नावलीची. जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगोव्स्की यांनी १९८७ मध्ये ती स्कॉटलंडमध्ये तयार केली. दहा प्रश्न, तीस गुण. ती ताणाची नाही, नैराश्याची आहे, आणि हा फरक लक्षात ठेवायला हवा. टेन्शन असलेली प्रत्येक बाई नैराश्यात नसते, आणि नैराश्यात बुडालेली बाई कधीकधी टेन्शनचं नावही काढत नाही. या प्रश्नावलीतलं शहाणपण असं, की थकवा, भूक असे शरीराचे प्रश्न कर्त्यांनी मुद्दाम वगळले, कारण गरोदरपणात आणि बाळंतपणात थकवा असायचाच. पण तिच्यातही एक प्रश्न पूर्णपणे इंग्रजी वाक्प्रचारावर उभा आहे. शब्दशः भाषांतर केलं तर ‘गोष्टी माझ्या अंगावर चढून बसतात’ असं काहीतरी होतं. आपली बाई म्हणेल, कोण चढून बसलं?

आता एक प्रसंग सांगते. तो सांगायला मला अजून जड जातं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात मी प्रश्नावल्या भरून घेत होते. एका बाकावर सातव्या महिन्यातली एक मुलगी, शेजारी सासू, समोर मी. आजूबाजूला रांग. मी प्रश्न वाचायची, मुलगी मान हलवायची, मधेच सासू म्हणायची, “तिला कसलं टेन्शन? सगळं हातात देतो आम्ही.” मी खुणा करत गेले. बेरीज नऊ आली. कमी ताण. मी पुढच्या बाईकडे वळले. थोड्या वेळाने पाण्याच्या नळापाशी ती एकटी माझ्याजवळ आली. म्हणाली, “ताई, त्या कागदावर माझं नाव आहे का?” मी म्हटलं, नाही, फक्त नंबर आहे. तशी ती म्हणाली, “मग बरं. मी सगळं खोटंच सांगितलंय.”

मी काही विचारेपर्यंत सासूने हाक मारली आणि ती गेली. पुढच्या दोन वेळा मी त्या व्हरांड्यात तिची वाट पाहिली. ती दिसली नाही. तो नऊचा आकडा मी प्रबंधात धरला नाही, पण त्या दिवशी भरलेल्या बाकीच्या कागदांचं काय? त्यांतले किती खरे होते? ते मला आजही सांगता येणार नाही. दहा प्रश्नांची ती प्रश्नावली त्या दिवशी ताण मोजत नव्हती. बाकावर कोण बसलं आहे, ते मोजत होती.

मग काहीजण म्हणतात, माणसाला विचारूच नका, शरीराला विचारा. शरीर खोटं बोलत नाही. रक्त घ्या, लाळ घ्या, कॉर्टिसॉल मोजा. हे थोडक्यात सांगते. कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी वाढणारं संप्रेरक आहे खरं. पण ते सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत जास्त असतं आणि रात्रीपर्यंत उतरत जातं, म्हणजे नमुना कधी घेतला यावरच निम्मं उत्तर ठरलं. त्यातून गरोदरपणात ते तसंही वाढतं, शेवटच्या तिमाहीत रक्तातलं प्रमाण दुप्पट-तिप्पट होतं, आणि ते योग्यच आहे, बाळाची फुप्फुसं तयार व्हायला ते लागतं. भर म्हणजे, एरवी मेंदूत तयार होणारं आणि कॉर्टिसॉलला चालना देणारं एक संप्रेरक गरोदरपणात वारही बनवते. त्याच वेळी वारेतलं एक विकर आईच्या बऱ्याच कॉर्टिसॉलला निष्प्रभ करून बाळाला जपतं. अलीकडे केसांतून मोजतात. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणून मुळाजवळचे तीन सेंटीमीटर म्हणजे गेल्या तीन महिन्यांची नोंद. कल्पना सुंदर आहे. पण बाई जे सांगते आणि तिचं कॉर्टिसॉल जे सांगतं, त्यांचा मेळ बहुतेक अभ्यासांत फारसा बसत नाही. शरीर खोटं बोलत नसेल, पण ते कारणही सांगत नाही. बटवडा वेळेवर झाला नाही म्हणून कॉर्टिसॉल वाढलं की नवऱ्याने हात उगारला म्हणून, हे कुठली प्रयोगशाळा सांगणार?

मग करायचं काय? हात टेकायचे? मुळीच नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात याचं फार चांगलं उत्तर शोधलं गेलं आहे.

म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्स आणि नंदिता डिसोझा यांनी एक अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी शेवटच्या तिमाहीतल्या २७० बायका निवडल्या, आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी व पुन्हा सहा महिन्यांनी त्यांना भेटले. एडिंबरोची प्रश्नावली होती, पण कोकणीत. बाळंतपणानंतर भेटलेल्या २५२ बायकांपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्क्यांना, नैराश्य होतं. आता खरी महत्त्वाची गोष्ट ऐका. त्या ५९ पैकी ७८ टक्के जणींच्या मनाची दुरवस्था गरोदरपणातच दिसत होती. म्हणजे बाळंतपणानंतर जे कोसळलं ते आधीच डगमगत होतं, आणि कुणी पाहिलं असतं तर दिसलं असतं. त्या बायका तपासणीला येत नव्हत्या का? येत होत्या. वजन होत होतं, रक्तदाब होत होता.

कारणं काय निघाली? गरिबी. नवऱ्याशी बिनसलेले संबंध. आणि जिथे मारहाण होती, घरात उपासमार होती, तिथे ती किती लागेल हे बाळ मुलगी आहे की मुलगा यावर ठरत होतं. मुलगी झाली तर तेच ओझं अधिक जड.

ही ओळ वाचली तेव्हा मला आपलं डोहाळजेवण आठवलं. किती गोड प्रथा! सातव्या महिन्यात तिला फुलांनी सजवायचं, झोपाळ्यावर बसवायचं, तिला काय खावंसं वाटतं ते विचारायचं आणि आणून द्यायचं. पोटुशीला ‘तुला काय हवं’ असं विचारण्याची संस्था आहे ती, मी तिला फार मानते. आणि त्याच झोपाळ्यापुढे दोन झाकलेल्या वाट्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. उचल गं एक. पेढा निघाला की टाळ्या. बर्फी निघाली की... तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे ती अर्ध्या क्षणाची शांतता. मग कुणीतरी म्हणतं, “लक्ष्मी येणार हो!” ती अर्ध्या क्षणाची शांतता प्रश्नावलीत येत नाही. झोपाळ्यावर बसलेलीला मात्र ती नेमकी ऐकू येते.

याच गोव्याच्या अभ्यासाला जोडून पटेल आणि रॉड्रिग्स यांनी आयांच्या मुलाखती घेतल्या. बायका आपलं दुःख नीट सांगत होत्या, पण त्याला आजार म्हणायला तयार नव्हत्या. पैसे नाहीत, नवरा पितो, सासरी कुणी विचारत नाही, म्हणून मन असं आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या बायका शास्त्रज्ञांपेक्षा चोख होत्या, असं मला वाटतं. त्या ओझ्याबद्दल बोलत होत्या आणि आपण त्यांचं वाकणं मोजत होतो.

मग नेमकं काय मोजायचं, हा आपला दुसरा प्रश्न. ओझं आणि वाकणं वेगवेगळं मोजता येतं का? येतं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये बर्फाचं वादळ आलं. विजेचे मनोरे कोसळले. तीस लाखांवर माणसं अंधारात, काही घरं तर चाळीसहून अधिक दिवस. कडाक्याच्या थंडीत. सुझान किंग नावाच्या संशोधिकेने त्या काळात गरोदर असलेल्या बायकांना शोधून काढलं आणि दोन वेगळे हिशेब ठेवले. पहिला, प्रत्यक्ष काय झालं: किती दिवस वीज नव्हती, घर सोडावं लागलं का, नुकसान किती, इजा झाली का. दुसरा, त्या बाईला किती त्रास वाटला. मुलं दोन वर्षांची झाल्यावर बोलण्यात आणि आकलनात फरक दिसला, तो आईला किती त्रास वाटला याच्यापेक्षा प्रत्यक्ष किती हाल झाले याच्याशी जास्त जुळत होता. अंधाराचे दिवस बोलले!

आता क्वेबेक सोडा आणि आपल्या घरी या. आपल्याकडे अंधाराचे दिवस कोणते?

विरारहून चर्चगेट सुमारे साठ किलोमीटर. १९९२ मध्ये चर्चगेट ते बोरिवली अशी लेडीज स्पेशल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली, याचा आपल्याला अभिमान आहे. पण सहाव्या महिन्यातली बाई नालासोपाऱ्याला चढते तेव्हा तिला बसायला मिळतं का? चौथी सीट मिळाली तर नशीब. आठवड्यातून किती दिवस, किती तास ती उभी? याला चौकट करता येते. साधा आकडा आहे.

पाणी. घरात पाणी दिवसाआड येतं की टँकरने? हंडे कुणी उचलायचे? आकडाच आहे.

घर. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. हजारो कुटुंबांनी सामान रस्त्यावर काढलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारच्या विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट मध्यरात्री कोसळली, १७ माणसं गेली. त्या रात्रीनंतर या शहरात भेगा पडलेल्या छताखाली किती पोटुशी बायका जाग्या राहिल्या असतील? ‘परिस्थिती हातात आहे असं किती वेळा वाटलं’ असं तिला विचारायचं, की ‘इमारतीला नोटीस आहे का’ असं विचारायचं? मी म्हणते, दोन्ही विचारा. पण दुसरं आधी विचारा. त्याचं उत्तर द्यायला तिला लाज वाटत नाही.

पूर्वेला वालीव-सातिवलीच्या गाळ्यांमध्ये उभ्याने पॅकिंग करणाऱ्या मुली आहेत. २०१७ पासून कायद्याने २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, पण ती दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला. आठ माणसांच्या गाळ्यात काय? पोट दिसायला लागलं की काम जातं, म्हणून ती पोट दिसू देत नाही. आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर येणारी कातकरी कुटुंबं, पावसाच्या तोंडावर परत जाणारी. आधी उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. याच वसई तालुक्यातून १९८२ मध्ये श्रमजीवी संघटनेचा वेठबिगारीविरुद्धचा लढा उभा राहिला, हे इथल्या तरुणांनी विसरू नये. भट्टीवरच्या पोटुशीचं कार्ड एका गावचं, ती राहते दुसऱ्या गावी. तिचा ताण कुठल्या भाषेत, कुठल्या महिन्यात, कोण मोजणार?

माहेराचंही विचारलं पाहिजे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत हा मोठा आधार होता. ज्या मुलीचं माहेर पंधराशे किलोमीटरवर आहे, किंवा ज्या मुलीने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलं, तिच्याजवळ रात्री कोण असतं? एका ओळीचा प्रश्न आहे.

हे सगळं मी इतकं का सांगते आहे? कारण उलट बाजूने एक गोष्ट घडू लागली आहे आणि तिची मला चिंता वाटते. गर्भावर आईच्या मनाचा परिणाम होतो, हे शास्त्र आता घराघरांत पोचलं आहे. आपल्याला ते नवं वाटलंही नाही, सुभद्रेच्या पोटातल्या अभिमन्यूची गोष्ट आपल्या रक्तात आहे. पण घरात ते कोणत्या रूपात पोचलं? “तू टेन्शन घेऊ नकोस हं, बाळावर परिणाम होईल.” चांगलं ऐक, चांगलं वाच, आनंदी राहा. उभ्याने विरारला ये, हंडा उचल, ऐकून घे, आणि आनंदी राहा. आणि बाळ कमी वजनाचं झालं तर? तूच टेन्शन घेत होतीस. म्हणजे ओझंही तिच्यावर आणि वाकल्याचा ठपकाही तिच्यावर!

शास्त्र असं म्हणत नाही, हे मला या व्यासपीठावरून स्पष्ट सांगायचं आहे. दीर्घकाळचा, तीव्र ताण आणि उपचार न झालेलं नैराश्य यांचा संबंध वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाशी आणि कमी वजनाशी आढळतो, हे खरं. पण अमेरिकेत जॅनेट डीपिएट्रो यांनी सुस्थितीतल्या, निरोगी बायकांचा अभ्यास केला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. गरोदरपणात बेताची चिंता अनुभवलेल्या आयांची मुलं दोन वर्षांची झाल्यावर विकासात मागे तर नव्हतीच, थोडी पुढेच होती. याच बाईंनी आणखी एक चांगली गोष्ट केली. त्रासांबरोबर सुखांचीही प्रश्नावली बनवली. बाळाची हालचाल जाणवणं, कुणी आनंदाने विचारपूस करणं, यालाही गुण. तेव्हा इथे कुणी पोटुशी मुलगी बसली असेल तर तिने ऐकावं, काल रात्री तुला रडू आलं म्हणून तुझ्या बाळाचं काही बिघडलेलं नाही.

आता तिसरा प्रश्न. मोजल्यावर काय?

एडिंबरोच्या प्रश्नावलीतला दहावा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराबद्दल आहे. तो विचारला आणि बाई “हो” म्हणाली, तर? विचारणाऱ्या आशाताईच्या हातात त्या क्षणी काय आहे? कुणाला फोन करायचा, त्या बाईला एकटीने घरी जाऊ द्यायचं का, हे आधी ठरलेलं नसेल तर तो प्रश्न विचारू नये, अशा मताची मी आहे. उत्तराची सोय न करता विचारणं हा त्या बाईवर दुसरा अन्याय.

सोय म्हणजे प्रत्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ असं नाही, तेवढे आपल्याकडे नाहीतच. गोव्यात २८० गरोदर बायकांबरोबर एक प्रयोग झाला, २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्या पोटुशीकडे तिच्यासारखीच वस्तीतली, शिकवून तयार केलेली बाई जायची. तिला ‘सखी’ म्हणायचे. सखी घरी जाऊन बोलायची, जेवणाचं विचारायची, घरच्यांना सामील करून घ्यायची. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी पाहिलं तर नैराश्य ओसरलेल्या बायका सखी मिळालेल्या गटात जास्त होत्या. फरक फार मोठा नव्हता, जादू झाली नाही. पण पगारी तज्ज्ञाविना, गोळीविना हे झालं. आणि जिथे कारण मारहाण आहे तिथे समुपदेशन पुरत नाही, कायदा लागतो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, ते रुग्णालयाच्या आतच. बाईला पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी केसपेपरच्या निमित्ताने तिथे पोचता येतं. वांद्रे इथून एका लोकलवर आहे.

आपल्या शहराकडे मी फार मोठं काही मागत नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, २०१६ पासून. डी. एम. पेटिट रुग्णालय असो, तुळिंजचं असो, की एखादं आरोग्य केंद्र. त्या दिवशी एक पडदा आणि पडद्यामागे दोन खुर्च्या. तिसरी खुर्ची नको, म्हणजे सोबतचं माणूस आपोआप बाहेर थांबेल. कार्डाच्या मागे दोन ओळी आखा. पहिली ओझ्याची: लोकलचे तास, पाणी, इमारतीची नोटीस, रात्री सोबत कोण. दुसरी तिच्या मनाची. तिच्या शब्दात, ‘घोर’ म्हणाली तर घोर लिहा, ‘टेन्शन’ म्हणून त्याचं भाषांतर करू नका. तीन महिने हे करून बघा. मग या शहराचे आपले आकडे येतील, आणि ते घेऊन पाण्याबद्दल आणि घरांबद्दल पालिकेत जाता येईल. एकाच वॉर्डातून पंचवीस पोटुशी बायका ‘झोप नाही, इमारतीला नोटीस’ असं सांगू लागल्या, तर ते केवळ आरोग्य खात्याचं काम राहत नाही.

वेळ होत आली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. प्रश्नोत्तरांआधी एवढंच. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेली मानस’ ही मनाच्या आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा सुरू आहे. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आशाताई, आपल्या वहीच्या पहिल्या पानावर नंबर लिहून घ्या, आणि ज्या पुरुषांच्या घरी कुणी पोटुशी आहे त्यांनीही घ्या. १४४१६. मागच्या रांगेत ऐकू गेलं नसेल तर पुन्हा सांगते. एक, चार, चार, एक, सहा.